घडीची भिंत

२० ऑक्टोबर, रविवार

आज नव्या शाळेत जाऊन आलो. शाळा अजून बांधायची आहे.

अभनपूरच्या रस्त्यावर, या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाची जागा आहे. शहरात तात्यापाऱ्यातल्या जुन्या शाळेच्या चार खोल्यांत पोरं मावेनाशी झाली, म्हणून प्राथमिक शाळा तिकडे न्यायचं ठरलं. अध्यक्ष दत्तोपंतांनी बांधकामाची देखरेख माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "प्रतापराव, रेल्वेत छत्तीस वर्षं डब्यांची चाकं तपासली, आता भिंती तपासा." मी लगेच हो म्हणालो. माझ्या बायकोला, मंदाकिनीला, ते आवडलं नाही. तिच्या मते मला कुणी नुसतं 'तपासा' म्हटलं की मी ताटावरून उठतो.

आर्किटेक्ट म्हणजे तिशीतली पोरगी आहे, ज्ञानदा नावाची. तिचं स्वतःचं हे पहिलंच काम. तिनं मोकळ्या जमिनीवर सगळा नकाशा खऱ्या मापात चुन्यानं आखून घेतला होता. पाया खोदण्याआधी चुना टाकतातच, त्यात नवल नाही. नवल हे की तिनं ठेकेदार लोकेश साहूला खोदू दिलं नाही आणि शाळेतली साठ पोरं बसनं तिथं आणून सोडली. म्हणाली, "ये आपका स्कूल है. आज दिनभर यहीं रहो."

मी वही काढून बसलो. चुन्याची रेघ चार बोटं रुंद, पण पोरं दाराच्या जागेतूनच ये-जा करत होती. एका पोट्ट्यानं रेघेवरून उडी मारली तर बाकीचे ओरडले, "दीवार है, दीवार!" वर्ग म्हणून आखलेल्या चौकटींत मात्र कुणी टिकेना. सगळी गर्दी करंजाच्या सावलीत, जिथं नकाशात सामानाची खोली होती. ज्ञानदानं तासभर पाहिलं आणि मग सरळ चपलेनं ती रेघ पुसून टाकली. सामानाची खोली मागे गेली, सावली पोरांना मिळाली. उभ्या नोकरीत मी नकाशा चपलेनं पुसलेला पाहिला नव्हता. विचित्र वाटलं, पण खरं सांगायचं तर मजा आली.

एक मुलगी लक्षात राहिली. अनुश्री, पहिलीतली. मुख्याध्यापिका कुमुदताई गोष्ट सांगत होत्या. सगळी पोरं सावलीत आणि ही एकटी उन्हात, ताईंच्या अगदी समोर, त्यांच्या तोंडाकडे टक लावून बसलेली. सावलीत ये म्हटलं तर ढिम्म हलली नाही. हट्टी दिसते.

२४ ऑक्टोबर

ज्ञानदाशी वाद झाला. नकाशात वर्गावर्गांच्या मध्ये पक्की भिंतच नाही. दोन वर्गांमध्ये घडीची भिंत आहे, म्हणजे वरच्या लोखंडी पट्टीत चाकांवर टांगलेले लाकडी पल्ले. ओढले की दोन वर्ग, सारले की एक दालन. बाकं नाहीत. हलकी बुटकी टेबलं आहेत, पोरांनी उचलून हवी तिथं न्यायची. एका बाजूला बसायला रुंद पायऱ्या. फळा तीन बाजूंना, म्हणजे शिकवणाऱ्याची जागाही ठरलेली नाही.

मी म्हणालो, "अगं पोरी, जे हालते तिले भिंत कसं म्हणायचं?"

"काका, बच्चे भी तो हिलते हैं."

मी दुसरं विचारलं. "तू मराठीत काहून नाही बोलत?"

"समझती सब हूँ काका, बोलने में अटक जाती हूँ."

शिवाय ती तोंडातल्या तोंडात बोलते. आजकालच्या सगळ्याच पोरांची ही खोड आहे, दोन-दोनदा विचारावं लागतं.

९ डिसेंबर

आज विटांची एक ट्रॉली परत पाठवायला निघालो होतो. माझी जुनी हातोडी रोज सोबत नेतो. चाकावर मारली की साबूत चाक खणकन बोलतं आणि तडा गेलेलं चाक बद्द करतं. आमच्या खात्यात माझ्या कानाचं नाव होतं. भाजलेली वीटही तशीच खणखणायला पाहिजे. आजच्या विटा सगळ्याच मुक्या निघाल्या. लोकेश वैतागला. ज्ञानदानं दोन विटा एकमेकींवर आपटल्या आणि म्हणाली, "काका, बज तो रही हैं." पोरीला खणखणीत म्हणजे काय ते कुणी शिकवलेलंच नाही. तिचं मन राखायला ट्रॉली ठेवून घेतली.

१४ जानेवारी, संक्रांत

मंदाकिनी कुकर लावून शेजारी वाणाला गेली. चार शिट्ट्यांवर बंद करा म्हणून सांगून गेली. मी ओट्याजवळच पेपर वाचत बसलो होतो. शिट्टी एकही झाली नाही आणि वरण करपलं. उद्या नवी रिंग आणतो.

ती आल्यावर फार ओरडली. हल्ली ती साधं बोलणंही ओरडूनच बोलते. रक्तदाब तपासून घ्यायला हवा. पुण्याहून निरंजनचा फोन आला होता, पण त्याचाही फोन जुना झाला आहे, निम्मं कळत नाही. मुलाला म्हटलं, नवा घे.

अंगणात चिमण्या दिसतात, पण चिवचिव बंद झाली आहे. हवेचा परिणाम असणार.

६ मार्च

छप्पर घालून झालं. आज पायऱ्यांवर बसून डबा खाल्ला. नुसतं बसायला म्हणून एवढी जागा कोण वाया घालवतं, असं मला सुरुवातीला वाटायचं. आज बसल्यावर तिथून दोन्ही वर्ग, व्हरांडा, करंज, सगळं एका नजरेत आलं आणि उठावंसं वाटेना. आम्हाला शाळेत उठबशांसाठी तेवढं उभं करत. पोरं इथं काय काय करतील याची मलाच घाई झाली आहे.

११ एप्रिल, शुक्रवार

आज घडीच्या भिंतीची तपासणी केली.

नमुन्याचे पल्ले पहिल्या दोन वर्गांमध्ये लावून झाले. ज्ञानदाचं म्हणणं, पल्ल्यांच्या आत नमद्याचा म्हणजे दाबलेल्या लोकरीचा थर आणि खाली रबराची पट्टी हवीच, आणि बाहेरून माणूस बोलावून मशीननं आवाज मोजून घ्यावा. लोकेशचं म्हणणं, या भानगडीत महिना जाईल आणि शाळा तर सोळा जूनला उघडायची आहे. दत्तोपंत म्हणाले, "प्रतापरावांचा कान असताना मशीन कशाला पाहिजे?" ज्ञानदा आज दुसऱ्या कामावर बिलासपूरला होती. म्हणून काम माझ्याकडे आलं.

पलीकडच्या वर्गात कुमुदताई तीस पोरं घेऊन बाराचा पाढा म्हणायला बसल्या. अलीकडे मी आणि लोकेश. मी फलाटावर उभा राहायचो तसा डोळे मिटून उभा राहिलो. दहा मिनिटं झाली. कुठं पंखा फिरावा तशी एक बारीक घरघर सोडली तर काही नाही. शेवटी लोकेशला म्हणालो, "जाऊन पाह्य, सुरू तरी केलं का त्यायनं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "साहब, वो तो शुरू करके खतम भी कर दिए."

रेल्वेच्या माणसाची तपासणी म्हणजे काय ते त्याला आज कळलं असावं. मग जवळ येऊन म्हणाला, "तो फिर रबर-वबर नहीं लगाएँगे न, साहब?" मी म्हणालो, गरजच काय? पल्ल्याखाली अर्ध्या इंचाची फट दिसते, पण चालेल.

तपासणीच्या वहीत नोंद: आवाज शून्य. पास. खाली सही केली. बऱ्याच वर्षांनी 'पास' लिहिलं, हात सुखावला.

१४ एप्रिल

ज्ञानदा परत आली. तिनं म्हणे फोनवर मोजून पाहिलं आणि आकडा वाईट येतो. मी म्हणालो, "फोनले काय समजते?" तिनं माझ्या अगदी समोर येऊन विचारलं, "काका, आपको सचमुच कुछ सुनाई नहीं दिया?"

"काहीच नाही," मी म्हणालो. अभिमानानंच म्हणालो. तिचा चेहरा मात्र खुलला नाही. आपलं मशीन हरलं की तरुण माणसाला लागतंच. बाकी तिन्ही भिंती तशाच करायचा निर्णय झाला.

१६ जून, सोमवार

शाळा उघडली!

काय काय लिहू? पोरांनी टेबलं उचलली आणि तासाभरात वर्गाचं तोंड बदललं. पहिलीतल्या दोघी पायऱ्यांच्या खालच्या कोनाड्यात शिरून बसल्या, तिथून वाचू लागल्या. तो कोनाडा नकाशात नव्हता, उरलेली जागा होती. मधल्या सुटीनंतर घडीची भिंत सारली तर साठ पोरं एकदम गप्प झाली. आपल्या वर्गाला आणखी एक वर्ग जोडलेला असतो हे त्यांनी पाहिलं नव्हतं. मग जो कल्ला झाला म्हणता! मला तो छातीत जाणवला.

घरी येऊन मंदाकिनीला सांगत बसलो. ती म्हणाली, "लगन झालं तवा बी एवढे खूष नोयते तुमी."

२४ जून

कुमुदताईंचा घसा बसला. आज त्यांनी मला पाटीवर लिहून दाखवलं, 'पलीकडचं सगळं इकडे येतं.' बाकीच्या शिक्षिकांनीही तेच सांगितलं. तिसरीच्या बाईंनी घडीच्या भिंतीला कपाटं लावून ठेवली आहेत. मी जाऊन उभा राहिलो. मला तर सगळं शांत वाटलं. नवीन जागा आहे, सवय नाही, म्हणून तक्रारी असतील. पण पाचही जणींनी एकच तक्रार करावी याचं कोडं पडलं आहे.

३ जुलै

मंडळाची तातडीची बैठक झाली. पालकांची पत्रं आली आहेत. दत्तोपंत म्हणाले की घडीच्या भिंती काढून पक्क्या विटांच्या घालाव्या, पायऱ्या तोडाव्या आणि ज्ञानदाच्या ऑफिसला कळवावं की नकाशाच चुकीचा होता. तसं कळवलं तर त्या मुलीला पुन्हा शाळेचं काम कोण देणार? ती कोपऱ्यात बसली होती. एकदाच बोलली, "मैंने रबर और नमदा लिखकर दिया था." दत्तोपंत म्हणाले, "पण आवाज नव्हता ना! प्रतापरावांनी पास केलं ते खोटं का?" तिनं नुसतं माझ्याकडे पाहिलं.

ठरलं ते असं की मी वर्गात बसून नीट पाहणी करावी आणि तेरा तारखेला अहवाल द्यावा. अहवाल जसा असेल तसं होईल.

म्हणजे शाळा राहणार की मोडणार ते माझ्या हातात आलं. मनात काही वैर नाही, पण आवाज नसताना आवाज येतो म्हणतात, तर दोष नकाशाचाच असणार. दुसरं काय असू शकतं?

७ जुलै

दिवसभर कुमुदताईंच्या वर्गात होतो. माझी पद्धत अशी की समजत नसेल तर मोजावं. वर्गाचा नकाशा काढला आणि दर दहा मिनिटांनी कोण कुठं बसलं ते ठिपक्यांनी मांडलं. माझी खुर्चीही मांडली, नाहीतर हिशेब अपुरा राहतो.

पोरं मैत्रिणीकडे सरकतात, पंख्याखाली सरकतात, डब्याकडे सरकतात. एका मुलीचं मात्र कळेना. तीच ती चुन्यातली अनुश्री, आता दुसरीत आहे. ती मैत्रिणीकडे जात नाही आणि पंख्याकडेही नाही. कुमुदताई एका फळ्यावरून दुसऱ्यावर गेल्या की ही टेबल उचलून त्यांच्या समोर. त्यांनी पाठ केली की हिची पेन्सिल थांबते. मी वारा पाहिला, ऊन पाहिलं, खिडकीची चमक पाहिली. काहीच लागू पडेना. हे शोधून काढल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

९ जुलै

आज तिसरा दिवस. अनुश्रीचे ठिपके लाल शाईनं जोडले. छान रेघ आली, वर्गभर वळणं घेत जाणारी. मग सहज माझ्या खुर्चीचे ठिपके निळ्या शाईनं जोडले. मी एका जागी बसलो होतो अशीच माझी समजूत होती, पण खुर्ची दिवसातून अकरा वेळा हलली होती. आणि निळी रेघ लालच्या शेजारून शेजारून गेली होती. योगायोग म्हणावा तर फारच नेटका.

चहाच्या वेळी कागद मंदाकिनीला दाखवला आणि कोडं सांगितलं. तिनं चष्मा लावला, दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

म्हणाली, "ही पोट्टी बी तुमच्यावानीच बहिरी हाय का?"

मी म्हणालो, "काय?"

"पाहा! आता बी 'काय'च म्हनून राहिले. चार साल झाले, मी इथं बोंबलून राहिली. कुकर अजून कितीकदा जाळाचा हाय?"

मी ताडकन उठलो. नको ते बोललो. ते लिहीत नाही.

१० जुलै

आज रिकाम्या वर्गात जाऊन आलो.

पलीकडे कुमुदताईंचा वर्ग सुरू होता. अलीकडे मी एकटा. डोळे मिटले. शांत. मग एक जुनी सवय कामी आली. आम्ही कानानं चाक तपासायचो तसं हातानंही तपासायचो. गाडी थांबली की प्रत्येक चाकाच्या पेटीला पालथा हात लावून पाहायचा, गरम झाली का, आत काही घासतं का. मी तसाच पालथा हात पल्ल्याला लावला.

पल्ला थरथरत होता. थांबून थांबून, एका लयीत. बारा एके बारा. बारा दुणे चोवीस. मी ओठांनी म्हणून पाहिलं तर ठोक्याला ठोका जुळला. तीस पोरं माझ्या हातापासून एका फळीच्या अंतरावर ओरडत होती आणि माझ्या कानाला त्याचा पत्ता नव्हता.

वाकून खालच्या फटीला हात लावला. वाऱ्यासोबत तीच थरथर तिथूनही येत होती.

किती वेळ हात लावून उभा होतो माहीत नाही. लाज वाटली. विटा आठवल्या, चिमण्या आठवल्या, लोकेशचा चेहरा आठवला. त्याला तेव्हाच कळलं होतं.

११ जुलै

अहवाल अजून कोरा आहे. खरं लिहून टाकतो, ही वही कुणी वाचत नाही. दुपारभर मनात हेच घोळत होतं की कुणाला काय कळणार आहे? लोकेश बोलणार नाही, त्याचंही हित त्यात आहे. 'नकाशा सदोष' हे दोन शब्द लिहिले की विटा येतील, आवाज बंद होईल, पोरांचं भलंच होईल. माझं नावही राहील. छत्तीस वर्षांत माझ्याकडे याशिवाय काही नव्हतं. अधिकारी बदलत गेले, पण कुठल्या चाकाचा संशय आला की 'प्रतापला बोलवा' म्हणत.

ज्ञानदाचा फोन आला होता. मी घेतला नाही. घेतला असता तरी किती कळलं असतं?

१३ जुलै, रविवार

बैठक तात्यापाऱ्यातल्या जुन्या शाळेत होती. दत्तोपंतांनी अहवाल वाचायला सांगितलं. मी उभा राहिलो. कागद हातात होता, पण तोंडीच बोललो.

"नकाशा बरोबर आहे. भिंतीचं कामही दुरुस्त होण्याजोगं आहे. ज्ञानदानं लिहून दिलं होतं तसा नमदा आणि रबर लावा, फट बुजवा. चूक तपासणीत झाली. अकरा एप्रिलले मले ऐकू आलं नाही, कारण मले ऐकूच येत नाही. माझे कान गेले आहेत. कधी गेले तेही मले समजलं नाही."

कुणी काही बोललं असेल तर मला ते ऐकू आलं नाही. दत्तोपंत मान खाली घालून टेबलावरची पेन्सिल फिरवत होते. मग त्यांनी कागद घेऊन मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि माझ्यापुढे सरकवला, 'विटा नको. रबर लावू.'

ज्ञानदा बाहेर माझी वाट बघत थांबली होती. माझ्या समोर आली, तोंड माझ्याकडे केलं आणि सावकाश, अडखळत, मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही... फार... चांगलं केलं." मला शब्दन् शब्द कळला. मी म्हणालो, "एप्रिलमधी काहून नाही सांगतलं मले, पोरी?" ती म्हणाली, "हिम्मत नहीं हुई."

निघताना कुमुदताईंना ठिपक्यांचा कागद दिला आणि लाल रेघ दाखवली. म्हणालो, हिच्या घरच्यांना सांगा, कान तपासून घ्या, लवकर. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "गेल्या वर्षापासून मी तिला लक्ष देत नाही म्हणून रागावते आहे हो."

१४ जुलै

मंदाकिनीची माफी मागितली. ती म्हणाली, "जोरात बोला, मले ऐकू नाही आलं." आणि मग पदर तोंडाला लावून हसत सुटली.

२ ऑगस्ट

दोन्ही कानांत मशीन बसवून आज आठ दिवस झाले. जग फार भांडखोर झालं आहे. पेपरचं पान उलटलं की करकरतं. माझ्या चपला वाजतात, हे मला कुणी सांगितलं नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी खुर्चीतून उडालो. जुनी रिंग उगाच फेकली.

चिमण्या सगळ्या अंगणातच होत्या. बराच वेळ ऐकत बसलो.

१८ ऑगस्ट, सोमवार

चारही भिंती दुरुस्त झाल्या. रबर बसलं, नमदा भरला. लोकेशनं स्वतः उभं राहून करून घेतलं, माझ्या नजरेला नजर मात्र दिली नाही. ज्ञानदानं या वेळी मशीनवाला माणूस बोलावला आणि आकडा चांगला आला. मग दत्तोपंत म्हणाले, "तरी पण, प्रतापराव, एकदा तपासाच."

मी म्हणालो, तपासतो, पण एकटा नाही. माझ्याहून चांगली तपासणारी आहे.

अनुश्रीच्या उजव्या कानात आता छोटं मशीन आहे, निळ्या रंगाचं. माझ्या मशीनांची तिनं आधीच नीट पाहणी केली होती. माझी चामडीच्या रंगाची आहेत, ती तिला पसंत पडली नाहीत. रिकाम्या वर्गात तिला म्हणालो, कुठं बसायचं ते तूच ठरव. ती भिंतीकडे पाठ करून मधोमध बसली. कुणाच्या तोंडाकडे न बघता बसलेली मी तिला पहिल्यांदाच पाहिली. मी शेजारी जमिनीवर बसलो. पलीकडे कुमुदताईंनी बाराचा पाढा सुरू करवला. या वेळी सुरू झाल्याची खूण म्हणून ज्ञानदानं खिडकीतून हात हलवला.

आम्ही दोघं डोळे मिटून बसलो. मला काही ऐकू येत नव्हतं, पण माझ्यावर आता माझाच भरवसा नाही. दोन-तीन मिनिटांनी मी कुजबुजलो, "कुछ सुनाई देता है?"

तिनं हात वर करून मला गप्प केलं. तपासणाऱ्याला मध्येच विचारलेलं मलाही कधी आवडायचं नाही. मग बऱ्याच वेळानं होकाराची मान हलवून म्हणाली, "हव."

मी डोळे उघडले. "क्या?"

"आपकी साँस. कितना जोर से लेते हो, दादाजी!"

मी श्वास धरला. ती पुन्हा ऐकत राहिली. मग मान डोलावून म्हणाली, "अब कुछ नहीं."

तपासणीची वही काढली. अकरा एप्रिलच्या पानावर 'आवाज शून्य. पास.' यावर एकच सरळ रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. रेल्वेत खोडायची हीच रीत आहे, चुकीची नोंदही दिसली पाहिजे. शेजारी सही केली आणि आजची तारीख घातली. मग नव्या पानावर लिहिलं: आवाज, आजोबांच्या श्वासाचा. बाकी काही नाही. पास.

तपासणाऱ्याच्या सहीची जागा अनुश्रीला दाखवली. तिनं माझं पेन घेतलं, जीभ बाहेर काढली आणि नाव लिहायला घेतलं. जागा दोन बोटांची होती. तिचं नाव ओळ ओलांडून, समास ओलांडून, पानाच्या कडेपर्यंत गेलं.